सरकारी खरेदी आणि गावची संस्था : कंत्राट मिळविण्याची पूर्वतयारी

ठाणे जिल्ह्याची रचना इतर जिल्ह्यांहून काहीशी निराळी आहे. एकीकडे ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर आणि नवी मुंबई अशा सहा महानगरपालिका. दुसरीकडे मुरबाड व शहापूर तालुक्यांतील भातशेती, माळरान व जंगल. शहरांच्या महानगरपालिकांना दरवर्षी रोपे, खत, माती, दगडकाम, उद्यानांची निगा, रुग्णालयांसाठी भाजीपाला अशा नाना गोष्टी लागतात. यांपैकी पुष्कळ गोष्टी पंचवीस-तीस कोसांच्या आतील गावांत पिकतात किंवा गावच्या हातांनी होण्यासारख्या असतात. तरीही गावचा माणूस शहरात रोजंदारीने जातो, गावचा माल व्यापाऱ्याच्या मार्फत जातो, आणि कंत्राट मात्र तिसऱ्याच्याच नावे निघते.

असे का होते? पुष्कळांची समजूत अशी की, सरकारी काम ओळखीवाचून मिळत नाही. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्या आड एक दुसरे कारण झाकले जाते. गावच्या संस्थांच्या निविदा दरांपर्यंत पोचण्यापूर्वीच, कागदपत्रांच्या तपासणीतच बाद होण्यासारख्या असतात. ओळख नसणे आपल्या हातचे नाही. तयारी नसणे मात्र आपल्या हातचे आहे. यास्तव सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा महिला बचत गट यांनी सरकारी खरेदीत उतरण्यासाठी कोणती तयारी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

जंगल कामगार संस्थांचा धडा

या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. स्वातंत्र्यापूर्वी सरकारी जंगलातील कूप लिलावाने ठेकेदारांना विकले जात. ठेकेदार लाकूड तोडून व कोळसा पाडून शहरांत विकी, आणि आदिवासी मजुराच्या हाती तुटपुंजी मजुरी पडे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्यात जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्नही होता. पुढे बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ पासून, मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. ठाणे जिल्हा, ज्यात त्या वेळी आजचा पालघर जिल्हाही होता, या कार्याच्या आरंभीच्या क्षेत्रांपैकी एक होय. या संस्थांना लिलावाशिवाय कूप देण्यात येऊ लागले आणि समाजसेवकांच्या पुरस्कर्त्या संस्था त्यांना हिशेब व कारभार यांत साहाय्य करू लागल्या. ज्या कामावर आदिवासी केवळ मजूर होता, त्याच कामाचा तो संस्थेद्वारे कंत्राटदार झाला.

या इतिहासातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, एकेकट्या मजुराला जे कंत्राट कधीच मिळाले नसते ते संघटित संस्थेला मिळू शकते. दुसरी अशी की, सवलतीने काम मिळाले तरी हिशेब सभासदांना समजला नाही, तर संस्था नावापुरती सभासदांची राहते आणि मागच्या दाराने ठेकेदार पुन्हा आत येतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या संस्थांचे गिऱ्हाईक एकच होते आणि काम एकच होते. वन संवर्धन अधिनियम १९८० साली झाला, १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य-आयोजनेवाचून जंगलतोड करण्यास मनाई केली, आणि वृक्षतोडीचे काम आटत गेले. ज्या संस्थेपाशी दुसरा धंदा नव्हता तिला आधार उरला नाही. एका खात्याच्या एका कामावर संस्थेचा सारा भार टाकू नये, हा तो धडा.

सरकार खरेदी कसे करते

सरकारी अधिकारी स्वतःचा पैसा खर्च करीत नाही; म्हणून त्याला स्वतःच्या पसंतीने माल घेता येत नाही. त्याने कोणाकडून, किती दराने व का घेतले, हे पुढे लेखापरीक्षणात दाखवावे लागते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे कागदपत्रांचा आग्रह का धरला जातो हे उमगते. खरेदीचे साधारणतः चार मार्ग आहेत.

१. लहान खरेदी. ठरलेल्या मर्यादेच्या आतील वस्तू थेट किंवा काही दरपत्रके मागवून घेतल्या जातात. ही मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलते. चालू मर्यादा संबंधित कार्यालयात विचारून घ्यावी.

२. निविदा. मोठ्या खरेदीसाठी जाहीर निविदा निघते. राज्य शासन, जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या निविदा ‘महाटेंडर्स’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात आणि त्या तेथेच भराव्या लागतात. राज्य शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली असून तिच्यात नंतर सुधारणा होत आल्या आहेत.

३. ‘जेम’ ही सरकारी ई-बाजारपेठ. ही केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू केली. केंद्राच्या खात्यांना तेथे उपलब्ध असलेला माल तेथूनच घ्यावा लागतो. कल्याणची रेल्वे कार्यालये व अंबरनाथचे संरक्षण-उत्पादनाचे कारखाने ही केंद्राच्या क्षेत्रातील जवळची उदाहरणे होत.

४. राखीव किंवा ठरीव मार्ग. सार्वजनिक बांधकामाच्या लहान कामांचा काही हिस्सा मजूर सहकारी संस्थांसाठी राखून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. तद्वतच हमी दराने होणारी भातखरेदी. तेथे निविदा नसते. आदिवासी विकास महामंडळ व राज्य सहकारी पणन महासंघ यांच्या वतीने गावोगावच्या संस्था खरेदी केंद्रे चालवितात. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण भाताचा हमी दर क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता, आणि ओलावा १७ टक्क्यांहून अधिक असलेला भात स्वीकारला जात नाही. जी संस्था तोल, ओलावा व बारदान यांचा चोख हिशेब ठेवून असे केंद्र चालविते, तिला सरकारी व्यवहाराचे उत्तम शिक्षण आपोआप मिळते.

घरची तयारी

निविदेची जाहिरात आल्यावर तयारीस लागणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर बी शोधण्यासारखे आहे. निविदा भरण्यास अनेकदा पंधरवडाही मिळत नाही. म्हणून पुढील गोष्टी आधीच करून ठेवाव्यात.

संस्थेची नोंदणी प्रथम पाहावी. सहकारी संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली व उत्पादक कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असते. उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक सभासद लागतात. संस्थेच्या उपविधीत किंवा उद्देशपत्रिकेत ते काम नमूद असले पाहिजे. भातखरेदीसाठी स्थापलेल्या संस्थेच्या उद्देशांत रोपवाटिका नसेल, तर तिच्या रोपांच्या निविदेवर आक्षेप येऊ शकतो.

संस्थेच्या नावाचे पॅन, बँक खाते व लागू असेल तेथे वस्तू व सेवा कर नोंदणी असावी. केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्यास राज्यात वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत ही नोंदणी सामान्यतः सक्तीची नाही, आणि जिवंत रोपांवर हा कर नाही. तथापि निविदेत नोंदणीची अट घातलेली असू शकते. सर्व कागदांवर संस्थेचे नाव अक्षरशः एकच असावे. एका कागदावर ‘मर्यादित’ आणि दुसऱ्यावर ‘मर्या.’ एवढ्या फरकानेही खुलासे देत बसावे लागते.

मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण पूर्ण असावे. उलाढाल किती हे सांगून चालत नाही. ते परीक्षित ताळेबंदाने दाखवावे लागते. जी संस्था माल रोखीने विकते व पावती फाडत नाही, तिने दहा लाखांचा माल विकला असला तरी कागदावर ती रिकामीच दिसते.

निविदा भरण्यासाठी डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र लागते. ते संस्थेने ठरावाने अधिकार दिलेल्या पदाधिकाऱ्याच्या नावे घ्यावे आणि त्याच्याच स्वाधीन ठेवावे. ते व त्याचा परवलीचा शब्द शहरातील एखाद्या दलालाकडे ठेवणे म्हणजे संस्थेचा कोरा सही केलेला धनादेश परक्याच्या हाती देणे होय.

जी संस्था माल तयार करते, त्यावर प्रक्रिया करते किंवा सेवा देते, तिने ‘उद्यम’ नोंदणी करता येते का हे पाहावे. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून ती विनामूल्य आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यांत ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. अशा उद्योगाला बयाणा रकमेची सूट मिळते. त्याचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक असला, तरी कमी दराशी बरोबरी करून मागणीचा काही भाग पुरविण्याची संधी त्याला दिली जाते. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्या निव्वळ व्यापाऱ्यास हा लाभ नाही.

निविदा वाचण्याची रीत

निविदेची कागदपत्रे लांबलचक असतात, म्हणून पुष्कळजण केवळ रक्कम व अखेरची तारीख पाहतात. वस्तुतः प्रथम पाहावयाचे ते पात्रतेचे प्रकरण. उलाढाल, पूर्वानुभव, नोंदण्या व बयाणा यांपैकी एक अट जरी पुरी होत नसेल, तर पुढील श्रम व्यर्थ होत. निविदा साधारणतः दोन लिफाफ्यांत असते : पहिल्यात पात्रतेची कागदपत्रे, दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा अपुरा ठरला तर दुसरा उघडलाच जात नाही. दराचा उल्लेख चुकूनही पहिल्या लिफाफ्यात करू नये.

त्यानंतर मालाचे वर्णन वाचावे. रोपे हवीत एवढेच लिहिलेले नसते. जात, उंची, खोडाची जाडी व पिशवीचे माप दिलेले असते. मग मुदत, पोच देण्याचे ठिकाण, दंड, आणि मेलेली रोपे बदलून देण्याची अट पाहावी. शंका असेल तर निविदापूर्व बैठकीत किंवा दिलेल्या मुदतीत लेखी विचारावे. शुद्धिपत्रक निघाले आहे का, हे अखेरच्या दिवसापर्यंत पाहत राहावे.

अटी अन्यायकारक असतील तर त्यांवर वेळीच हरकत घेता येते. अंगणवाड्यांच्या आहाराचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी असा आदेश दिला होता की, अंगणवाड्यांच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार असू नयेत. ते काम ग्रामसमुदाय, बचत गट व महिला मंडळे यांच्याकडून करून घ्यावे. महाराष्ट्राने २०१६ साली काढलेल्या निविदांच्या अटी लहान गटांना पेलण्याजोग्या नव्हत्या. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्या निविदा रद्द केल्या. बचत गटाच्या नावामागे बडे ठेकेदार उभे राहतात, हा त्या वादाचा गाभा होता. म्हणून आपल्या संस्थेचे नाव कोणा ठेकेदाराला टक्केवारीवर वापरू देऊ नये. त्यात आजची कमाई दिसते. पण चौकशी लागली म्हणजे जबाबदारी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर येते आणि खऱ्या संस्थांचाही मार्ग बंद होतो.

दर कसा ठरवावा

गावच्या संस्था कागदांत हरतात आणि कागदांत टिकल्या तर दरात बुडतात. काम मिळावे म्हणून दर कमी लावणे सोपे. ते काम पुरे करणे कठीण. एक कल्पित उदाहरण घेऊ. मुरबाड तालुक्यातील एक संस्था एका महानगरपालिकेस ५,००० रोपे पुरविणार आहे. आकडे केवळ रीत समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येक संस्थेने आपले आकडे घालावेत.

पिशवी, माती, शेणखत, बी, पाणी व मजुरी मिळून एका रोपास १६ रुपये खर्च येतो. परंतु शंभरांतील वीस रोपे मरतात किंवा उंचीत कमी भरतात असे धरले, तर ५,००० रोपे देण्यासाठी ६,२५० रोपे वाढवावी लागतात. त्यांचा खर्च १,००,००० रुपये. वाहतुकीच्या पाच खेपा, प्रत्येकी ४,००० प्रमाणे, २०,००० रुपये. चढउतार ५,००० रुपये. पोच दिल्यानंतर बदलून द्यावयाची २५० रोपे, वाहतुकीसह प्रत्येकी २५ रुपयांप्रमाणे, ६,२५० रुपये. एकूण १,३१,२५० रुपये झाले. बी पेरल्यापासून देयक मिळेपर्यंत हा पैसा सरासरी सहा महिने अडकतो. १२ टक्के दराने त्याचे व्याज ७,८७५ रुपये. डिजिटल स्वाक्षरी, हिशेबनीस व जाण्यायेण्याचा खर्च ५,८७५ रुपये. सारी बेरीज १,४५,००० रुपये, म्हणजे रोपास २९ रुपये. त्यावर ३ रुपये राखीव निधी व नफा धरला तर दर ३२ रुपये होतो.

आता ज्या संस्थेने केवळ १६ रुपयांचा खर्च पाहिला व २० रुपये दर लावला, तिला वाटते की रोपामागे ४ रुपये सुटतील. काम तिलाच मिळेल. परंतु तिच्या हाती येतील १,००,००० रुपये आणि जातील १,४५,००० रुपये. अर्धवट सोडले तर अनामत जप्त होते आणि नाव काळ्या यादीत जाते. परवडत नसलेले काम न मिळणे हाच तेथे लाभ होय.

आणखी एक गोष्ट. पावसाळी लागवडीच्या निविदा उन्हाळ्यात निघतात, पण हवी ती उंची गाठण्यास रोपांना कित्येक महिने, काही जातींना वर्षाहूनही अधिक काळ लागतो. १९७५ च्या कायद्यानुसार महानगरपालिकांमध्ये वृक्ष प्राधिकरण असते. त्याचे आणि उद्यान विभागाचे अंदाजपत्रक पाहिले व मागील वर्षाच्या निविदा वाचल्या, तर पुढील वर्षी कोणत्या जाती व किती मापाची रोपे लागतील याचा अंदाज दिवाळीपूर्वीच बांधता येतो. निविदेमागे धावण्यापेक्षा तिच्या आधी रोपवाटिकेत पोचावे.

पहिला अनुभव कोठून मिळवावा

अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. केंद्राच्या नियमांत नवउद्योगांना व लघुउद्योगांना पूर्वानुभवाची अट शिथिल करता येते. मात्र तसे त्या निविदेत लिहिलेले असावे लागते. म्हणून पहिली पायरी लहान धरावी. ग्रामपंचायत, शाळा, आश्रमशाळा, वनविभाग व सामाजिक वनीकरण यांच्या लहान मागण्या दरपत्रकांवर दिल्या जातात. काम लहान असले तरी पुरवठा आदेश, पोच व काम समाधानकारक झाल्याचे प्रमाणपत्र ही तिन्ही मागून घ्यावीत व जपून ठेवावीत. तीन वर्षांची अशी प्रमाणपत्रे हे संस्थेचे खरे भांडवल होय.

काम मिळाल्यानंतर

कार्यादेश लेखी हाती आल्याशिवाय माल पाठवू नये. सुरक्षा अनामत मुदतीत भरावी. प्रत्येक खेपेची पोच नाव, हुद्दा, दिनांक व संख्या यांसह घ्यावी. बांधकाम असेल तर मोजमाप पुस्तिकेतील नोंद आपल्यासमक्ष करून घ्यावी. पुढे पुरल्या गेलेल्या पायाचे माप नंतर कोणी घेऊ शकत नाही. देयकातून जे कर कापले जातात त्यांची प्रमाणपत्रे हिशेबनिसाकडे द्यावीत, म्हणजे ती रक्कम गमावली जात नाही.

देयक थकले तर? नोंदलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना २००६ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते व सुकरता परिषदेकडे दाद मागता येते. परंतु हा हक्क सांगण्यासाठीही पोच व दिनांक लागतात. शिवाय हक्क असला तरी पैसे उद्याच मिळत नाहीत. तीन-चार महिने निभावेल एवढे खेळते भांडवल असल्यावाचून मोठे काम घेऊ नये.

टाळावयाच्या गोष्टी

ग्रामपंचायतीच्या सभासदाचा पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असला, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार तो अपात्र ठरू शकतो. सरपंच किंवा सदस्य संस्थेत असल्यास त्या पंचायतीचे काम घेण्यापूर्वी गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी खुलासा घ्यावा. इतर निविदाकारांशी संगनमत करून दर ठरविणे २००२ च्या स्पर्धा अधिनियमाविरुद्ध आहे. शेजारच्या संस्थेने ‘नावापुरती निविदा भरा’ असे म्हटले तरी भरू नये. आणि काम मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

कार्यकर्त्याने संस्थेसाठी स्वतः निविदा भरू नये. तो संस्थेचा भागीदार नव्हे. परंतु तीन गोष्टी त्याला सहज करता येतील. आपल्या गावातील संस्थांची कागदपत्रे वर्षातून एकदा, शक्यतो लेखापरीक्षणानंतर, तपासून उणिवा दाखवाव्यात. निविदा सूचना दर आठवड्यास वाचून गावाजोग्या असतील त्या सूचना फलकावर लावाव्यात. आणि संस्थेच्या सभेत वर दिल्याप्रमाणे दराचा हिशेब फळ्यावर मांडून सर्व सभासदांकडून, विशेषतः स्त्री सभासदांकडून, करवून घ्यावा. जो हिशेब फक्त चिटणीसाला येतो तो संस्थेचा हिशेब नव्हे.

शहरे वाढत आहेत, आणि त्यांच्या गरजा भागविण्यासाठी लागणारी माती, पाणी व श्रम गावांतूनच जात आहेत. हे सारे स्वस्तात देऊन टाकावयाचे की योग्य मोल ठरवून विकावयाचे, हा प्रश्न गावापुढे आहे. कूप तोडणाऱ्या मजुराने एके काळी कंत्राट स्वतःच्या संस्थेच्या नावे घेऊन दाखविले. आजच्या संस्थेने येत्या दिवाळीपूर्वी आपली नोंदणी, लेखापरीक्षण व दराचा हिशेब ही तीन कामे उरकून घ्यावीत. उन्हाळ्यात निघणाऱ्या निविदांसाठी तेवढी सुरुवात पुरेशी आहे.